पाराकास: गार पाण्याची करणी

समुद्र शेजारी असला की पाऊस ठरलेलाच, हा आपला कोकणातला हिशेब. पेरूत तो साफ चुकतो. लिमाच्या दक्षिणेला सुमारे अडीचशे किलोमीटरवर असलेले पाराकास विषुववृत्तापासून साधारण गोव्याइतकेच दूर. पण तिथे पाऊस म्हणजे वर्षातून कधीतरी शिंतोडे. याला कारण समुद्रच. दक्षिणेकडून येणारा हम्बोल्ट प्रवाह मुळातच थंड. त्यात वारा वरवरचे पाणी किनाऱ्यापासून लोटतो आणि खालचे आणखी गार पाणी वर येते. त्याला टेकलेली हवा गारठून जड होते, वर चढतच नाही. धुके धरते, पाऊस पडत नाही.

‘वाळवंट म्हणजे निर्जीव’ हे वाळूपुरते बरेचसे खरे. मात्र तेच गार पाणी खोलातली पोषकद्रव्ये वर आणते. त्यावर प्लवक पोसतात, प्लवकांवर अँकोव्हेटा (आपल्या मांदेलीच्या कुळातली मासळी) आणि तिच्यावर बूबी, पाणकावळे, समुद्रसिंह. मेलेल्या समुद्रसिंहाच्या वासाने अँडीजचा कंडोरही किनाऱ्यावर उतरतो. १९७५ मध्ये राखीव झालेल्या पाराकासच्या ३,३५,००० हेक्टरांपैकी जवळपास दोन तृतीयांश भाग पाणीच आहे, हे ‘वाळवंटी अभयारण्य’ म्हणताना कुणाच्या ध्यानात येत नाही.

पेंग्विनला बर्फ लागतो, हा समज तर मुंबईकरांनी कधीच सोडायला हवा होता. राणीच्या बागेतले पेंग्विन हम्बोल्ट जातीचे, म्हणजे याच रखरखीत किनाऱ्यावरचे. पक्ष्यांच्या विष्ठेचे थरांवर थर साचून झालेल्या ग्वानोत बीळ करून ते अंडी घालतात. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या शेतांना खत म्हणून हा ग्वानो खणून जहाजे भरभरून गेला आणि पेंग्विनांची घरेही त्याबरोबर गेली.

पाराकासहून होडीने ज्या बायेस्तास बेटांवर पर्यटक नेतात, ती मात्र या राखीव क्षेत्रात नाहीत. ती २००९ मध्ये स्थापन झालेल्या ग्वानो बेटांच्या वेगळ्या राखीव क्षेत्रात येतात.

राहिला ‘राखीव म्हणजे सुरक्षित’ हा समज. छोट्या मच्छीमारांना इथे नियमांत राहून मासेमारी करता येते. खरा घाव येतो तो एल निनोच्या वर्षी. पावसाच्या अंदाजात आपण ऐकतो ते हे नाव पेरूच्या कोळ्यांचेच, नाताळच्या सुमारास येणाऱ्या कोमट पाण्यावरून पडलेले. त्या वर्षी गार पाण्याचा उपसा मंदावतो, अँकोव्हेटा खोल जाते किंवा दुसरीकडे सरकते आणि उपाशी पाणकावळे पिलांसकट घरटी टाकून निघून जातात.