भिलाईचे कर्ज : व्याजदरापलीकडील अर्थशास्त्र

रायपूर शहरालगतच्या भनपुरी परिसरात लोखंड व पोलादावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांची दाटी आहे. तेथून पश्चिमेस सुमारे ३० किलोमीटरवर भिलाई पोलाद प्रकल्प उभा आहे. या पट्ट्याच्या औद्योगिकीकरणाच्या मुळाशी सोव्हिएत सरकारचे एक कर्ज होते. दुसऱ्या महायुद्धानंतर विकसनशील देशांना मिळालेल्या सरकारी कर्जांचे स्वरूप समजून घेण्यासाठी हे उदाहरण उद्बोधक ठरते.

पार्श्वभूमी

युद्धोत्तर युरोपला मार्शल योजनेतून मिळालेली मदत प्रामुख्याने अनुदानरूप होती. नवस्वतंत्र आशियाई देशांना मात्र बव्हंशी कर्जावर विसंबावे लागले. जागतिक बँकेने १९४९ मध्ये भारतीय रेल्वेसाठी ३.४ कोटी डॉलरचे कर्ज दिले. १९५१ च्या अन्नटंचाईत अमेरिकेने गव्हासाठी १९ कोटी डॉलर कर्जाऊ दिले. पोलादाच्या क्षेत्रात जागतिक बँकेने १९५२ मध्ये इंडियन आयर्न अँड स्टील आणि १९५६ मध्ये टाटा या खासगी कंपन्यांना कर्जे दिली. सार्वजनिक क्षेत्रातील पोलाद कारखान्यांसाठी मात्र भारताला अन्य देशांच्या सरकारांकडे वळावे लागले.

भिलाईचा करार

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. व्याजदर अडीच टक्के होता आणि परतफेड १२ वार्षिक हप्त्यांत करावयाची होती. त्याहून महत्त्वाची होती परतफेडीची रीत. भारताने हप्ते रुपयांत भरावयाचे आणि सोव्हिएत संघाने त्या रुपयांतून भारतीय माल खरेदी करावयाचा, अशी ती व्यवस्था होती. त्यामुळे डॉलर व पौंडाच्या तुटपुंज्या गंगाजळीवर ताण पडला नाही आणि निर्यातीला बाजारपेठही लाभली. वार्षिक १० लाख टन क्षमतेच्या या प्रकल्पाची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये सुरू झाली.

याच काळात राउरकेला पश्चिम जर्मनीच्या, तर दुर्गापूर ब्रिटनच्या साहाय्याने उभे राहिले. शीतयुद्धातील दोन्ही गटांच्या स्पर्धेमुळे भारताची वाटाघाटीची ताकद वाढली. बोकारोसाठी अमेरिकी मदतीस तेथील काँग्रेसमध्ये विरोध झाल्यावर भारताने १९६३ मध्ये आपली विनंती मागे घेतली. १९६५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला.

स्वस्त कर्जाची दुसरी बाजू

ही कर्जे 'बांधील' होती. यंत्रसामग्री कर्ज देणाऱ्या देशाकडूनच घ्यावी लागे, त्यामुळे खुल्या निविदेने किंमत पारखण्यास वाव उरत नसे. व्याजातील सवलत यंत्रांच्या किमतीतून वसूल होण्याचा धोका अशा व्यवहारात असतो.

दुसरा धोका विनिमय दराचा. सोव्हिएत कर्जातील रुपयाचे मूल्य सोन्याशी जोडलेले होते. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला, तेव्हा उर्वरित कर्जाचा रुपयांतील बोजाही ५७.५ टक्क्यांनी वाढला. रुपयांत फेडावयाचे कर्ज विनिमयाच्या जोखमीपासून मुक्त असतेच असे नाही, हा धडा त्यातून मिळाला. याउलट, पीएल-४८० खालील धान्याच्या मोबदल्यात साठलेल्या रुपयांपैकी १,६६४ कोटी रुपयांवरील हक्क अमेरिकेने १९७४ मध्ये सोडून दिला.

ऋणकोचा धनको

आज भारत स्वतःही विकसनशील देशांना कर्ज देतो. मुंबईस्थित एक्झिम बँकेमार्फत दिल्या जाणाऱ्या 'लाइन ऑफ क्रेडिट'मध्ये सर्वसाधारणपणे किमान ७५ टक्के वस्तू व सेवा भारतातून घेण्याची अट असते. म्हणजे भिलाईच्या वेळी आपण ज्या अटी स्वीकारल्या, त्याच जातीच्या अटी आता आपण घालतो.

म्हणूनच कोणत्याही परकीय कर्जाचे मूल्यमापन करताना चार प्रश्न विचारावेत: व्याज व मुदत किती? परतफेड कोणत्या चलनात? खरेदीवर बंधन कोणते? आणि चलनाचे मूल्य घसरल्यास भार कोणावर? व्याजदर हा यांपैकी केवळ पहिल्याच प्रश्नाचा एक भाग आहे.