विश्लेषण : बारावी संपली, कॉलेज सुरू व्हायचे आहे, मधल्या चार महिन्यांत काय करायचे?

बारावीची लेखी परीक्षा मार्चमध्ये संपते आणि कॉलेजचा पहिला दिवस उजाडायला जुलै-ऑगस्ट लागतो. भद्रावती परिसरातील विद्यार्थ्यांसाठी हा काळ सुटीचा दिसत असला, तरी जागा मिळणार की नाही आणि शुल्क किती भरावे लागणार, हे बऱ्याचदा याच दिवसांत ठरते. पारा 45 अंशांच्या पुढे असताना नेमके काय करावे, त्याविषयी...

निकालाआधीचे पहिले काम कोणते?

कागदपत्रे गोळा करणे. 2025 मध्ये बारावीचा निकाल 5 मे रोजी लागला. निकालानंतर तहसील कार्यालयात आणि सेतू केंद्रात एकच गर्दी होते. म्हणून उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र एप्रिलमध्येच काढून ठेवणे सोयीचे. नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्राची मुदत मात्र नीट पाहावी. ते साधारणपणे 31 मार्चपर्यंत वैध असते, त्यामुळे मार्चमध्ये संपणारे जुने प्रमाणपत्र जूनमध्ये उपयोगी पडत नाही.

जात वैधता प्रमाणपत्र का अडते?

अभियांत्रिकी, फार्मसी, वैद्यकीय अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांत आरक्षित जागेसाठी हे प्रमाणपत्र लागते. काही वर्षी सरकारने अर्जाच्या पावतीवर तात्पुरता प्रवेश दिला. पण मुदतीत प्रमाणपत्र आले नाही, तर हातची आरक्षित जागा जाते. समितीसमोर वाडवडिलांच्या जुन्या नोंदी दाखवाव्या लागतात. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखांपूर्वीचा पुरावा महत्त्वाचा ठरतो.

जुनी नोंद कुठे सापडते?

आजोबा किंवा पणजोबा ज्या शाळेत शिकले, तिथल्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये. ते शाळेत गेलेच नसतील, तर कोतवाल पंजीतील जन्म-मृत्यूची नोंद किंवा जमिनीचे अधिकार अभिलेख तपासावेत. विदर्भ 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होता, त्यामुळे काही जुने कागद हिंदीत असतात. सुटीत आजोळी किंवा मूळ गावी गेल्यावर घरातील ज्येष्ठांना शाळा, गाव आणि नावातील बदल विचारून लिहून घ्यावेत. गाव माहीत नसेल, तर कागद शोधायचा कुठे हाच प्रश्न उरतो.

शुल्कात कोणती सवलत मिळते?

8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार, 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. त्यासाठी केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घ्यावा लागतो. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर भरले जातात. पैसे आधार जोडलेल्या खात्यातच जमा होतात, म्हणून बँकेचे काम आधीच उरकावे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, तर आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना आहे.

सुटीत कमाई करावी का?

अनेक घरांत मे महिना म्हणजे तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटे पाने तोडायची, दुपारी 70 पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर न्यायचे, असा दिवस जातो. कॉलेजच्या पहिल्या खर्चाला हा पैसा कामी येतो. पण चंद्रपूर जिल्ह्यात 200 हून अधिक वाघ आहेत. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिलांचा एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. एकट्याने जंगलात जाऊ नये, गटाने आणि आवाज करत जावे, अंधारात आणि वाघाचा वावर असलेल्या भागात जाणे टाळावे.

शिकण्यासारखे काय?

एमएस-सीआयटी किंवा संगणक टंकलेखन पुढे सरकारी नोकरीच्या अर्जात उपयोगी ठरते. केंद्र सरकारच्या ‘स्वयं’ या ऑनलाइन मंचावरील अभ्यासक्रम मोफत शिकता येतात. आयटीआयचा पर्यायही कमी लेखू नये. भद्रावतीतच आयुधनिर्माणी आणि आसपास वेकोलिच्या कोळसा खाणी असल्याने फिटर, इलेक्ट्रिशियन अशा ट्रेडची ओळख इथल्या मुलांना घरापासूनच असते.

घर सोडण्याची तयारी कशी करावी?

चंद्रपूरला रोज ये-जा करता येते. नागपूर मात्र सुमारे सव्वाशे किलोमीटरवर आहे, तिथे खोली किंवा वसतिगृह लागतेच. पसंतीक्रम भरण्यापूर्वी कॉलेजच्या शुल्कासोबत खोलीभाडे, मेस आणि प्रवासाचा महिन्याचा हिशेब घरच्यांसोबत बसून मांडावा. वरण-भात रांधणे, कपडे धुणे आणि बँकेचे व्यवहार स्वतः करणेही याच सुटीत शिकून घ्यावे. प्रवेशाचा लॉगिन आयडी आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवावा. नेट कॅफेचालकाच्या मोबाइल क्रमांकावर अर्ज भरला, तर ओटीपी आणि मुदतीचे संदेश त्याच्याकडेच जातात. क्रमांक स्वतःचा किंवा घरातलाच द्यावा.