देवल : तालमीत घडलेला नाटककार

राजशेखराने आपल्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह विदर्भातील ज्या वत्सगुल्म नगरात लागल्याचे सांगितले आहे, ते नगर म्हणजे आपले वाशीम, ही गोष्ट वाशीमकरास कोणी नव्याने सांगण्याचे कारण नाही. परंतु काव्य आणि साहित्य यांचा तो संसार क्षणभर बाजूस ठेवून, नटाचा व्यवसाय आणि नाटककाराची लेखणी ही दोन्ही एकाच गृहस्थाच्या घरी नांदली म्हणजे काय निपजते हे पाहावयाचे असेल, तर वऱ्हाडची सरहद्द ओलांडून सांगलीनजीकच्या हरिपुरास जावे लागते. कारण गोविंद बल्लाळ देवल यांचे बालपण तेथे गेले.

देवलांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५ चा आणि मृत्यू १४ जून १९१६ चा. त्यांच्या उमेदीच्या काळात वाशीम हा वऱ्हाडातील स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो जिल्हा मोडून वाशीम अकोल्यास जोडण्यात आले आणि पुढे १९९८ पर्यंत अकोल्याच्याच दप्तरात राहिले. त्या काळच्या नाटक मंडळ्यांची बिऱ्हाडे रेल्वेच्या आणि पैशाच्या मागोमाग हिंडत, आणि कापसाच्या व्यापाराने सुखवस्तू झालेल्या वऱ्हाडातील शहरांकडे त्यांचे पाय सहज वळत. पण वाशीमला रेल्वे नव्हती, त्यामुळे नाटकाच्या हौशी माणसाला अकोल्याचा रस्ता धरण्यावाचून गत्यंतर नसे.

शिक्षकाची नोकरी केलेल्या देवलांना नाटकाचा नाद लागला तो अण्णासाहेब किर्लोस्करांच्या शिष्यत्वामुळे. आर्योद्धारक नाटक मंडळीत आणि नंतर किर्लोस्कर मंडळीत त्यांनी नट म्हणून काम केले. मात्र रंगभूमीवर त्यांचा खरा दरारा होता तो तालीममास्तर म्हणून. आज दिग्दर्शक म्हटले की नेपथ्य, प्रकाशयोजना, ध्वनी असा सारा पसारा डोळ्यांपुढे येतो. त्या काळच्या तालीममास्तरापाशी यांपैकी काही नसे. वाक्यातील कोणत्या शब्दावर भार द्यावयाचा, कोठे थांबावयाचे, दुसरा बोलत असता आपल्या मुद्रेने काय सांगावयाचे, हे स्वतः करून दाखविणे आणि नटाच्या अंगी मुरेपर्यंत त्याच्याकडून करवून घेणे एवढेच त्याचे भांडवल. बालगंधर्वांसारख्या नटास अभिनयाचे धडे देणाऱ्यांत देवलांचे नाव आदराने घेतले जाते. आणि देवलांच्या नाटकांतील संवादांचे गुपितही माझ्या मते या तालमीतच आहे: दुसऱ्याचे वाक्य नटाच्या जिभेवर कोठे अडते हे ज्याने हजार वेळा ऐकले आहे, तो स्वतः अडणारे वाक्य लिहीत नाही.

त्यांनी नाटके लिहिली अवघी सात. 'मृच्छकटिक' शूद्रकाचे, 'विक्रमोर्वशीय' कालिदासाचे, 'शापसंभ्रम' बाणाच्या 'कादंबरी'वरून. 'दुर्गा', 'झुंझारराव' आणि 'संशयकल्लोळ' ही इंग्रजीच्या आधारे. हा हिशेब मांडला की स्वतःचे म्हणावे असे एक 'शारदा'च उरते, आणि तेवढ्यावरून देवलांना रूपांतरकारांच्या पंक्तीत बसविणारे पंडितही झाले. त्यांना उत्तर देण्यास 'संशयकल्लोळ' पुरेसे आहे. या नाटकाचे मूळ मोलिएरने १६६० साली लिहिलेल्या एका प्रहसनात. त्यावरून आर्थर मर्फीने १७६१ साली लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहासाठी पाच अंकी सुखांतिका रचली. आणि मर्फीवरून देवलांनी 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक १८९३ मध्ये लिहिले. मोलिएर स्वतः नट. मर्फीही वकिली पत्करण्यापूर्वी नट होता, आणि रंगभूमीवरील त्याचे पहिले पाऊल पडले ते ऑथेल्लोच्या भूमिकेत. त्याच 'ऑथेल्लो'चे पुढे देवलांनी 'झुंझारराव' केले. अशा रीतीने एकच नाटक तीन देशांतील तीन नटांच्या हातून गेले आणि प्रत्येक ठिकाणी तेथलेच होऊन बसले.

कसे, ते पाहण्याजोगे आहे. भर रस्त्यात घेरी येऊन पडणाऱ्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो, ते त्याची बायको कृत्तिका पाहते. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेटची तसबीर कृत्तिका उचलते, ती तिच्या हातात फाल्गुनराव पाहतो. आणि येथून जो घोळ सुरू होतो त्यात दोघेही खरे बोलतात व दोघांनाही दुसरा खोटा वाटतो. पुरुषांना महिन्यांची आणि बायकांना नक्षत्रांची नावे देण्याची कल्पना गंमतीची खरी. पण त्याहून मोठी करामत अशी की, फाल्गुनरावाचा संशय हा पॅरिसच्या किंवा लंडनच्या नवऱ्याचा न राहता अस्सल मराठी घरातील, वयाने वाढलेल्या आणि स्वतःच्याच शहाणपणावर खूष असलेल्या नवऱ्याचा झाला. पुढे गंधर्व नाटक मंडळीसाठी देवलांनी त्यात पदे घातली आणि 'संगीत संशयकल्लोळ' १९१६ च्या ऑक्टोबरात पुण्यास रंगभूमीवर आले. गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव आणि बालगंधर्वांची रेवती पाहण्यास देवल मात्र हयात नव्हते.

'शारदे'चा पहिला प्रयोग १३ जानेवारी १८९९ रोजी इंदुरास झाला. पैशाच्या लोभाने कोवळी मुलगी म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधू पाहणारा कांचनभट, मध्यस्थी करून आपली पोळी भाजून घेणारा भद्रेश्वर दीक्षित, ही माणसे पाहताना प्रेक्षकाला शेजारचे घर आठवत असले पाहिजे. लग्न मोडते ते सुधारकाच्या व्याख्यानाने नव्हे. वधूवर सगोत्र असल्याचे कोदंड उघड करतो म्हणून, म्हणजे शास्त्रानेच शास्त्राचा काटा काढला जातो. हा मला देवलांच्या नाट्यदृष्टीचा परमोच्च बिंदू वाटतो. शेवटी शंकराचार्यांच्या संमतीने होणारे लग्न तितकेसे पटत नाही, हेही सांगून टाकतो. १९२९ साली बालविवाहाचा जो कायदा झाला तो हरबिलास सारडा यांच्या नावाने सारडा कायदा म्हटला गेला. त्याचा संबंध देवलांच्या नाटकाशी जोडणारे लोक आजही भेटतात. संबंध काहीच नाही. पण नाटक लोकांच्या किती आतवर पोहोचले होते, याची ती गैरसमजूत मोठी साक्ष आहे.

त्याच पिढीत आपल्या वऱ्हाडचे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर जळगाव-जामोद व खामगावी वकिली सांभाळून नाटके लिहीत होते, आणि त्यांच्या कोट्या व कल्पनाचमत्कृती यांचा तरुण लेखकांवर विलक्षण पगडा होता. वऱ्हाडाभिमान बाजूस ठेवून बोलावयाचे तर कोल्हटकरांचा विनोद वाचताना उमजतो आणि देवलांचा ऐकताना. देवलांची पदेही तशीच: साकी, दिंडी, बायकांच्या तोंडी असलेल्या चाली आणि घरात बोलली जाणारी भाषा. विलायतेत त्याच सुमारास ग्रॅनव्हिल-बार्कर हा नट, दिग्दर्शक आणि नाटककार अशा तिन्ही नात्यांनी रंगभूमीची सुधारणा करीत होता, आणि १९०७ साली त्याचे 'वेस्ट' हे नाटक तेथील सरकारी परीक्षकाने अडवून धरले. देवलांनी समाजावर केलेला प्रहार त्याहून सौम्य नव्हता, पण तो घरच्या माणसाने घरच्या बोलीत केलेला असल्याने प्रेक्षकांनी डोक्यावर घेतला.

अशी नाटके आज करावीत म्हटले तर गायक नट मिळत नाहीत, साथीदार परवडत नाहीत, म्हणून संगीत नाटक करता येत नाही ही लहान गावांतील मंडळांची तक्रार रास्त आहे. परंतु 'फाल्गुनराव' मुळात गद्यच होते. त्यास पेटी लागत नाही की तबला लागत नाही, लागतात ती फक्त स्पष्ट बोलणारी माणसे. वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर येथील हौशी मंडळींनी आणि महाविद्यालयांनी पुढच्या गॅदरिंगसाठी संहिता शोधताना हे नाटक एकदा मोठ्याने वाचून पाहावे.