शिरूर व दौंड तालुक्यांतील आडवाटांवरील वाहनचालन

आडवाटांवरील वाहनचालन म्हणजे पक्का रस्ता सोडून माती, मुरूम, वाळू, खडक अथवा उथळ पाणी यांतून जाणाऱ्या वाटांवर, बहुधा फोर-व्हील-ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनाची शक्ती पुरवणाऱ्या) वाहनाने केलेला प्रवास होय. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर व दौंड या तालुक्यांत नवशिक्या चालकास झेपतील अशा वाटा पुष्कळ आहेत. मात्र त्या सहलीसाठी आखलेल्या नसून शेती, गुरचराई व कालव्यांची देखभाल यांसाठी पडलेल्या आहेत. त्यामुळे वाट निवडताना जमिनीचा प्रकार, ऋतू आणि वाटेचा कायदेशीर दर्जा या तीन गोष्टी पाहाव्या लागतात.

भूरचना व जमीन

दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत मोडतात. मावळ, मुळशी या पश्चिमेकडील तालुक्यांतील तीव्र चढ व दाट झाडी येथे नाही. शिरूरमधील पाबळ, कान्हूर मेसाई, मलठण या परिसरात, तसेच दौंडच्या दक्षिणेस रोटी घाटाच्या आसपास मुरमाड माळ व सौम्य उताराच्या टेकड्या आहेत. मुरूम पाणी लवकर निचरू देतो व चाकाला पकड देतो. म्हणून नवशिक्यांना ही जमीन सोयीची ठरते.

भीमा व घोड या नद्यांच्या काठची काळी जमीन याच्या उलट स्वभावाची आहे. ती पाण्याने फुगते, चाकांच्या खाचांत चिकटून बसते आणि पकड नाहीशी करते. पावसाळ्यात अशा जमिनीत गाडी सहज रुतते. उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळून कठीण होते. पाऊस ओसरल्यानंतरचा, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सरावास अनुकूल असतो.

वाटांचे प्रकार

गावनकाशावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने, तर पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. दोन गावांच्या हद्दीवरून जाणाऱ्या वाटेस शिवरस्ता, तर शेतांमधून जाणाऱ्या वाटेस पाणंद म्हणतात. उपग्रहचित्रात दिसणारी प्रत्येक रेघ सार्वजनिक वाट असतेच असे नाही. ती एखाद्या शेतकऱ्याने स्वतःच्या रानात जाण्यासाठी केलेली असू शकते. म्हणून गावनकाशा पाहणे आणि गावात विचारणे, असे दोन्ही करणे योग्य ठरते. कालव्याच्या भरावावरील रस्ते जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतात. त्यांवरून परवानगीशिवाय जाऊ नये.

उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमुळे पाणंदीत खोल चाकोऱ्या पडतात आणि मध्ये मातीचा उंचवटा राहतो. तो गाडीच्या तळाला टेकला, तर चाके अधांतरी फिरतात. अशा ठिकाणी एक चाक उंचवट्यावर व दुसरे वाटेच्या कडेवर ठेवून जातात. वाट अरुंद असल्याने समोरून बैलगाडी वा ट्रॅक्टर आल्यास मागे कोठे सरता येईल, हेही आधी पाहून ठेवावे लागते.

वाहन व तंत्र

या वाटांसाठी महिंद्रा थार, मारुती जिप्सी, जिम्नी, फोर्स गुरखा यांसारखी वाहने वापरली जातात. चढउतारावर व रुतण्याच्या जागी ‘लो रेंज’ गिअर लावतात. त्यामुळे वेग कमी होऊन चाकांवरील जोर वाढतो. उतारावर सतत ब्रेक दाबण्याऐवजी खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या रोधाने गाडी आवरतात. वाळूत टायरमधील हवा काहीशी कमी केल्यास टायरचा जमिनीला टेकणारा भाग वाढतो. पक्क्या रस्त्यावर परतण्यापूर्वी हवा पुन्हा भरणे आवश्यक असते. ज्या वाहनांत पुढील व मागील आस एकमेकांशी जखडले जातात, त्यांत कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील-ड्राइव्ह चालू ठेवल्यास यंत्रणेवर ताण येतो.

अवघड टप्पा आधी पायी पाहणे, पाण्याची खोली व तळ काठीने तपासणे आणि किमान दोन वाहनांनी जाणे हे प्राथमिक नियम होत. वाळूउपशामुळे नदीपात्रात खोल खड्डे पडलेले असू शकतात, म्हणून नवशिक्यांनी पात्रात उतरू नये.

पर्यावरण व कायदा

ओसाड भासणारे माळ हे वास्तविक गवताळ अधिवास आहेत. या भागात चिंकारा, लांडगा, खोकड व तरस आढळतात. टिटवीसारखे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. वाट सोडून माळावर घातलेल्या गाडीखाली ती चिरडली जातात. चाकांनी उकरलेल्या उतारावर पुढच्या पावसात घळी पडतात आणि धनगरांच्या मेंढ्यांचे चराऊ गवतही नष्ट होते.

भारतीय वन अधिनियम, १९२७ व वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यांनुसार राखीव वनात व अभयारण्यात मुक्त प्रवेशास मनाई आहे. दौंडलगतच्या बारामती तालुक्यातील मयूरेश्वर अभयारण्य यात येते. शिरूर तालुका जुन्नर वनविभागात असून तेथे उसाच्या शेतांत बिबट्यांचा वावर आहे; म्हणून सूर्यास्तापूर्वी पक्क्या रस्त्यावर परतणे श्रेयस्कर असते.

शेतातील उभे पीक, ठिबकच्या नळ्या व बांध यांचे नुकसान झाल्यास त्याचा भार शेतकऱ्यावर पडतो आणि गाव पुढील प्रवाशांसाठी वाट बंद करते. याच कारणाने, मालकाच्या संमतीने पडीक माळावर घेतलेला सराव नवशिक्यांसाठी सर्वांत निर्धोक मानला जातो.