मळीत मळी टाकावी का?



लागणीच्या तोंडावर झालेल्या गट मेळाव्यात कृष्णाकाठच्या एका जुन्या सभासदांनी विचारले, "साहेब, आमच्या मळीत मळी टाकली तर चालंल का?" मंडपात हशा पिकला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मागे एका तरुण सभासदाला मी घाईघाईत "मळी टाका" एवढेच सांगून मोकळा झालो. त्याने ट्रॉली भरून आणली, ताजीच मळी सरीत पसरली आणि वर टिपऱ्या दाबल्या. मळी तापली, डोळे उबून गेले, रानभर नांग्या पडल्या. कुठली मळी, हे सांगितले नाही ही चूक माझी.

आपल्याकडे मळी तीन तऱ्हेची.

पहिली नदीकाठची. कराड, वाळवा, पलूस, मिरज भागात पुराच्या गाळाने झालेल्या जमिनीला आपण मळीचे रान म्हणतो. 2019 च्या महापुराने उभा ऊस कुजवला, पण अशा पुरांनीच पिढ्यान् पिढ्या हे रान घडवले आहे.

दुसरी गुऱ्हाळातली. काहिलीत रस उकळताना भेंडीचा चिकट रस घातला, की वर जो फेस-मळ येतो ती मळी. मूळ शब्द संस्कृत 'मल'. कारखान्यात हेच काम चुना आणि गंधकाचा धूर करतो. रस गाळून जो काळपट चोथा राहतो तो प्रेसमड. शेतकऱ्याने त्याला जुनेच नाव दिले. टन उसामागे तो साधारण 30 ते 40 किलो निघतो.

तिसरी पातळ, काकवीसारखी. साखर काढून घेतल्यावर जो पाक उरतो तो. टनामागे सुमारे 40 ते 45 किलो. तिचे अल्कोहोल, इथेनॉल होते. सरकारी कागदात आणि आपल्या अहवालात 'मळी विक्री' लिहिलेले असते ती हीच. हा आकडा वाचायला शिका. 2013 च्या राज्याच्या ऊसदर कायद्यात महसूल विभागणी करताना साखरेबरोबर मळी, बगॅस आणि प्रेसमडचे उत्पन्नही धरायची सोय आहे. म्हणजे ही मळी शेतात जात नाही, बिलात येते.

आणि खळ्यावरची मळणी? ती या घरातली नव्हेच. तिचे मूळ 'मर्दन', म्हणजे चोळणे, तुडवणे. तंबाखू मळतात तीही तशीच.

आता उत्तर. नदीकाठच्या मळीत प्रेसमड चालतो, पण ताजा नको. जिवाणू संवर्धक घालून, ओलावा राखून, ढीग वरखाली करून दोन-अडीच महिने कुजवा. ढिगात हात घातला तर गार लागला पाहिजे. ऊब असेल तर थांबा. लागणीआधी तो मातीत मिसळून घ्या.

खरी गरज मात्र चोपण रानाला आहे. प्रेसमडमधला चुना, गंधक आणि सेंद्रिय माल तिथे उपयोगी पडतो. पण पाणी साचत असेल तर आधी चर काढा. निचऱ्याशिवाय घातलेले खत वाया. मात्रा माती तपासून ठरवा. कसबे डिग्रज आणि पाडेगावच्या संशोधन केंद्रांचा सल्लाही घ्यावा.

यापुढे गट ऑफिसात चिठ्ठी देताना नुसते 'मळी' लिहू नका. 'कुजलेला प्रेसमड' असे लिहा. मीही तसेच बोलेन.

आपला,
ऊस विकास अधिकारी