ताऱ्यांची धूळ

आपल्या खानदेशच्या भूमीवर आकाशातून पाषाण पडल्याच्या नोंदी आहेत. २९ जून १८४३ रोजी मानेगाव येथे एक अशनी पडला आणि २७ नोव्हेंबर १८७७ रोजी धुळ्याच्या मुलखातील भागूर येथे दुसरा. मानेगावच्या अशनीचे नोंदलेले वजन जेमतेम ४२ ग्रॅम आहे; भागूरचे तर अवघे १८ ग्रॅम!

या पाषाणांत सूर्याहूनही जुनी अशी ताऱ्यांची धूळ सापडेल काय? नाही. मानेगावचा पाषाण वेस्टा नावाच्या लघुग्रहावर, वितळलेल्या खडकापासून बनला असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. भागूरचा पाषाणही आपल्या जन्मस्थानी फार तापला होता. दहा शेतांतील उसाचा रस एकाच कढईत आटवला, तर गुळाच्या ढेपेत कोणत्या शेताचा रस कोठे आहे, हे कोण सांगू शकेल?

जे अशनी फारसे तापलेच नाहीत, त्यांतच ही धूळ टिकून राहते. २८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे असा एक अशनी पडला. त्याचे १०० किलोहून अधिक तुकडे मिळाले. जळगावचे सराफ तेजाबात हिणकस धातू विरघळवून शुद्ध सोने मागे ठेवतात, हे तुम्ही ऐकले असेल. शास्त्रज्ञांनी तीच युक्ती योजिली. त्यांनी पाषाणाची पूड केली (तिला म्हणे नासक्या शेंगदाण्यांसारखा वास येतो!) आणि ती तीव्र आम्लांत विरघळविली. जे विरघळले नाही, त्यात सिलिकॉन कार्बाइडचे डोळ्यांना न दिसणारे कण होते.

हे कण ताऱ्यांचे, हे कशावरून? पृथ्वीवर जड कार्बनच्या एका अणूमागे हलक्या कार्बनचे सुमारे ८९ अणू असतात. या कणांत ते प्रमाण निराळेच, आणि एका कणाचे दुसऱ्याशी जुळत नाही. वृद्ध ताऱ्यांनी बाहेर टाकलेला वायू थंड होत असता हे कण गोठले. प्रत्येकात त्याच्या ताऱ्याची खूण राहिली.

पुढे ते अवकाशात भटकत असता वैश्विक किरणांच्या आघाताने त्यांत निऑन वायूचे अणू निर्माण होत गेले. भटकंती जितकी दीर्घ, तितके हे अणू अधिक. २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी या निऑनवरून कणांची वये काढली. सूर्य सुमारे ४६० कोटी वर्षांचा आहे. यांतील काही कण मात्र ७०० कोटी वर्षांचे निघाले.