दुकानाचा संगणक: वेग की नोंदी?
बिलांसाठी संगणक घेताना चर्चा प्रोसेसरवरच अडते. खरा प्रश्न नोंदी किती वर्षं टिकतील हा आहे. जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. डिस्कची वॉरंटी बहुधा त्याआधीच संपते. म्हणून प्रोसेसर साधा चालेल, पण एसएसडी, यूपीएस आणि प्रतीसाठी बाहेरची डिस्क हवीच. जुना, स्वस्त संगणक काय वाईट? काहीच नाही, फक्त त्यावर विंडोज ११ चालायला हवं. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. क्लाउड असताना डिस्क कशाला, असंही कुणी विचारेल. रॅन्समवेअरने कुलूपबंद केलेली फाइल सिंक होऊन तिथेही तशीच पोचते, म्हणून. अर्थात डिस्क कायम जोडलेली राहिली तर तीही त्याच तडाख्यात सापडते. प्रत घेतली की ती काढून कपाटात ठेवावी, आणि अधूनमधून तिच्यातली एखादी फाइल उघडून पाहावी.